बिनभिंतीचा

थर्मास आला मायकोनाहून,
दोन दिवस ट्रकच्या टपावर,
एक रात्र मार्साबिटच्या चहावाल्याच्या फ्रिजात.
आत बर्फाचं झालेलं पाणी, पाण्यात बाटली,
बाटलीत शेळीच्या छातीतलं गव्हाळ पाणी.
चिकटपट्टीवर बॉलपेनने:
डाबोची सातवी. पेनिसिलिन दिलं होतं.

दिलं असेल.
पेनिसिलिन भिंत बांधू देत नाही.
ह्याला भिंतच नाही.

कुठल्याशा जुन्या पिढीत
भिंत बांधायची अक्कल टाकून दिली ह्याने.
आता राहतो नुसत्या कातडीवर,
आणि ती कातडी धड राहावी,
उबेत पाघळू नये, गारठ्यात तडकू नये,
म्हणून लागतं त्याला कोलेस्टेरॉल.
घरी करता येत नाही. मागूनच आणायचं.

(माझं वाढलंय म्हणतात.
क्लिनिकातली बाई म्हणाली, चपाती सोडा, भाजलेलं मटण सोडा.
मी मान डोलावली.)

काबेटेच्या कुरणातली म्हातारी घोडी
मला बघून मान पुढे करते. चेबेट सुई लावते.
रक्त साकळतं, वर उरतो
पातळ तुपाच्या रंगाचा रस.
त्यात चरबीचे गोळे, डोळ्याला न दिसणारे,
प्रथिनांच्या पट्ट्यांनी आवळलेले,
घोडीच्याच कुठल्या पेशींच्या पत्त्यावर निघालेले.
पत्ता बदलतो मी.

एका बशीत रस घातला, दुसरीत नाही.
पाचव्या दिवशी दुसरी कोरी,
पुसून ठेवल्यासारखी.
पहिलीत भिंगाखाली
चिमुकली अंडी तळून ठेवलेली,
मधला बलक आगरमध्ये रुतलेला.

मला आधी वाटायचं, गिळत असेल.
तोंड नाही तर गिळणार कशाने?
गोळा येतो, कातडीला घासतो,
गर्दीत ओल्या रंगाच्या सदऱ्याला घासावं तसा,
आणि थोडं कोलेस्टेरॉल इकडे उतरतं.
बाहेरच्या थरात बसतं.
मग एखादा रेणू कोलांटी मारून आतल्या थरात.
बस्स.
कुलूप तोडलं नाही, आरडाओरडा नाही.
गोळा थोडा हलका होऊन पुढे जातो.

शेवटी कागदाची टिकली,
डिजिटोनिनमध्ये बुडवलेली.
एका रानफुलाच्या बियांतलं हे विष
कोलेस्टेरॉलला धरतं आणि सोडत नाही.
दुसऱ्या बशीत, टिकलीभोवती
स्वच्छ गोल मोकळं आवार.
त्याची उसनवारीच त्याच्यावर उलटली,
आणि माझ्या वहीत एक ओळ झाली.

फोन लागायला इसाकोला टेकडी चढावी लागते.
आईला बरोबर घेऊन चढला होता. तिचा श्वास ऐकू येत होता.
मी सांगितलं: भिंत नाही, म्हणून पेनिसिलिन वाया.
सांगितलं: रक्तातली चरबी घेतो, थोडी थोडी.
इसाको तिच्या भाषेत सांगत गेला,
मधे एकदा अडला, चरबीपाशी की थोडीपाशी, कळलं नाही.

मग ती बोलली. बराच वेळ.
तो म्हणाला, आई म्हणते,
उंटाची शीर आम्हीही टोचतो, आखूड बाणाने.
वाटीभर घेतो, वर राख दाबतो,
उंट उठून चालू लागतो.
तुमच्या ह्या जिवाला
राख दाबायला कुणी शिकवलं नाही का?

मी टायलोसिन म्हणालो.
वजनाप्रमाणे किती, किती दिवस, ते म्हणालो.
खोकणाऱ्या वेगळ्या बांधा म्हणालो.
बांधल्यात, इसाको म्हणाला.
सातवी होती तेव्हा पाठवलं होतं.
काल एकोणिसावी.

वारा आला फोनमध्ये. नंतर नुसता वाराच.

बशा भट्टीत टाकल्या, झाकण आवळलं.
कुरणात गेलो तर चेबेट घरी गेलेली,
घोडी कुंपणाशी, एकटीच.
सुईच्या जागी बोट दाबून उभा राहिलो,
लागतं त्याहून
बराच जास्त वेळ.